बॅटरी बदलण्याआधी



या महिन्यात मुलांच्या अभ्यासाबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पण मागच्या डिसेंबरमधली एक सकाळ डोक्यातून जात नाही, म्हणून आज विषय थोडा वेगळा आहे. गाडीच्या बॅटरीचा. ‘हे पुरुषांचं काम’ म्हणून पान उलटू नका. मीसुद्धा वीस वर्षं तसंच समजत होते.

आमच्या अब्बांचं, म्हणजे सासऱ्यांचं, आठवड्यातून दोनदा नाशिकरोडला डायलिसिस असतं. सकाळी सातची वेळ ठरलेली. त्यांच्या मागून दुसरा रुग्ण असतो, त्यामुळे आपण जितका उशीर करू तितकी मिनिटं आपल्याच वाट्यातून जातात. त्या दिवसांत हे चिल्ल्यावर गेले होते. घरात मी, दोन मुलं आणि अब्बा. देवळालीची डिसेंबरातली थंडी तुम्हाला माहीत आहे. फजर झाली, अब्बांना स्वेटर-मफलर घालून गाडीत बसवलं, किल्ली फिरवली. टिक्‌ टिक्‌ टिक्‌. समोरचे दिवे मंद झाले आणि गाडी गप्प.

पाच-सहा वेळा किल्ली फिरवली. दर वेळी आवाज आणखी बारीक. त्या वेळेला आमच्या गल्लीत रिक्षा मिळत नाही. फोन केले, कुणी उचलले नाहीत. अब्बा मागच्या सीटवरून शांतपणे म्हणाले, “बेटा, अब किल्ली मत घुमाव. जो बची है वो भी खतम होगी.” अब्बांनी उमेदीची सगळी वर्षं ट्रकवर काढली. त्यांना ते कळत होतं, पण हातात ताकद नव्हती.

शेवटी समोरच्या घरातले काका धावून आले. तोफखान्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी आपली गाडी शेजारी लावली, डिकीतून जाड वायरी काढल्या आणि गाडी सुरू करून दिली. आम्ही पोहोचलो तेव्हा चाळीस मिनिटं उशीर झाला होता. ती चाळीस मिनिटं अब्बांच्या मशीनवरून कमी झाली. रात्री त्यांच्या पायांवर सूज होती. ती बघताना मला वाटलं, विज्ञान शिकवणाऱ्या बाईला बॅटरीचं एवढंही कळू नये?

काकांनी वायरी कशा क्रमाने लावल्या ते लिहून ठेवते, कारण हा क्रम चुकला तर अपघात होऊ शकतो. आधी लाल वायर बंद पडलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. तिचं दुसरं टोक चालू गाडीच्या अधिकला. मग काळी वायर चालू गाडीच्या उणे टोकाला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, ती वायूजवळ पडू नये म्हणून हा खटाटोप. वायरी काढताना उलटा क्रम.

दुपारी शाळेतून सुटल्यावर मी सरळ एका दुकानात गेले. दुकानदाराने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. “मॅडम, बॅटरी गेली. मोठी टाका, टेन्शन नाही. बिलाशिवाय घेतली तर अजून कमी करतो.” मी पर्सला हात घातला होता. तेवढ्यात नव्या बॅटरीवरच्या तारखेकडे लक्ष गेलं. तारखेच्या जागी खरवडल्याची खूण होती आणि शेजारी चकचकीत नवं स्टिकर. विचारलं तर म्हणाला, “गोडाऊनमध्ये घासलं असेल.” मी घरी परत आले.

अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, “पहले देखो तो सही, बीमारी किसको है.”

म्हणून बॅटरी घेण्याआधी ही तपासणी.

किल्ली फिरवल्यावर टिक्‌टिक्‌ आवाज येऊन दिवे मंद होत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सैल आहे. दिवे झगझगीत आणि एकच ‘टक्‌’ आवाज असेल, तर स्टार्टरकडे संशय घ्यावा. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर दोष पेट्रोलचा किंवा ठिणगीचा. तिथे बॅटरी बदलून पैसे वाया जातील.

मग बॉनेट उघडून बॅटरीची दोन टोकं बघा. आमच्या टोकांवर पांढरट-हिरवी बुरशी चढली होती. तो क्षार वीज अडवतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासला की निघतो. हातात मोजे घाला, डोळे सांभाळा, आत तेजाब आहे. जोडणी सोडताना आधी काळी वायर काढा, लावताना ती शेवटी लावा. पुष्कळदा एवढ्यावरच गाडी सुरू होते. आमचीही झाली, आणि तीन दिवसांनी पुन्हा बसली.

तिसरी गोष्ट व्होल्टमीटर. काही शे रुपयांत मिळतो, शाळेच्या प्रयोगशाळेतही असतो. बॅटरीच्या पोटात सहा कप्पे असतात, प्रत्येकातून साधारण २.१ व्होल्ट. म्हणून रात्रभर उभ्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव. इंजिन चालू असताना हाच आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. तो वाढलाच नाही तर दोष अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा. तेव्हा नवी बॅटरी टाकलीत तर तीही चार दिवसांत उतरेल.

हे सगळं शिकून मी दुसऱ्या दुकानात गेले. तिथे विशीतला एक मुलगा होता. त्याने आधी बॅटरी चार्ज केली, मग यंत्र लावून तिच्यावर भार टाकला. भाराशिवाय १२.३ दाखवणारी बॅटरी भाराखाली नऊच्या खाली गेली. इंजिन चालू करून अल्टरनेटर तपासला, १४.१. मुलगा म्हणाला, “मॅडम, बाकी सगळं ठीक आहे. ही मात्र थकली. चार वर्षं झाली ना?” झालीच होती. आपल्याकडे तीन ते पाच वर्षं चालली तर बॅटरीने आपलं काम केलं म्हणायचं.

ती थकते कशी? आत शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेलं गंधकाचं तेजाब असतं. वीज देताना पट्ट्यांवर शिशाचा सल्फेट बसतो, भरताना तो सुटतो. बॅटरी फार दिवस उतरलेली राहिली की तो थर कडक होतो आणि सुटत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात आतलं पाणी उडतं, पट्ट्या झिजतात. हे नुकसान उन्हाळ्यातच झालेलं असतं. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनचं तेल दाट होतं, फिरवायला जास्त जोर लागतो, आणि तेव्हा ते उघडकीला येतं. आपण मात्र थंडीला दोष देतो.

घरी मुलांना सांगितलं, की शिसे-तेजाबाची ही बॅटरी फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली. किल्लीच्या जागी पूर्वी हँडल होतं. ते उलट फिरलं की माणसाचा हात मोडायचा. विजेचा स्टार्टर १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत आला, तो चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयत्नाने. अब्बा हसून म्हणाले, ॲम्बेसेडरला हँडल मारून मारून त्यांचे दंड तयार झाले होते.

आता खरेदी. चार गोष्टी बघा.

पहिली, माप. जुन्या बॅटरीवरचा नंबर लिहून न्या किंवा गाडीचं पुस्तक बघा. छोट्या गाड्यांच्या बॅटरीवर ‘३८ बी २० एल’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ३८ हा ताकदीचा दर्जा, बी हा रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी सुमारे २० सेंटिमीटर आणि एल किंवा आर म्हणजे अधिक टोक कुठल्या बाजूला. एलच्या जागी आर आणलीत तर वायर पोहोचत नाही, आणि ओढूनताणून बसवली तर धोका. थोडी जास्त ताकदीची बॅटरी गाडीचं नुकसान करत नाही. पण ती ट्रेमध्ये घट्ट बसली पाहिजे आणि टोकं बॉनेटला लागता कामा नयेत. ‘मोठी टाका’ या सल्ल्यात बहुतेक वेळा दुकानदाराचाच फायदा मोठा असतो.

दुसरी, ताकद. एएच म्हणजे किती वीज साठते. सीसीए म्हणजे थंडीत इंजिन फिरवायला एकदम किती जोर देते. दोन्ही आकडे जुन्यापेक्षा कमी नकोत. डिझेल गाडीला जास्त जोर लागतो, तिथे पेट्रोलच्या गाडीची बॅटरी चालत नाही. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी नवी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम नावाची खास बॅटरी लागते. स्वस्त म्हणून साधी टाकाल तर ती लवकर जाईल.

तिसरी, तारीख. दुकानाच्या फळीवरही बॅटरी हळूहळू उतरत असते. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम, सहा महिन्यांपलीकडची नको. तारीख सांकेतिक अक्षरांत असेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या आणि बिलावर लिहून घ्या.

चौथी, वॉरंटी. ‘७२ महिने’ ऐकून हुरळू नका. ती बहुधा ३६ अधिक ३६ अशी असते. पहिल्या भागात बिघडली तर बदलून मिळते, दुसऱ्या भागात नव्या बॅटरीवर फक्त सूट. कार्डावर क्रमांक, तारीख आणि शिक्का हवा. बिल नसेल तर वॉरंटी नुसती बोलण्यापुरती. बिलाशिवाय वाचणारे दोन-तीनशे रुपये कर चुकवून वाचतात, हेही आपण स्वतःला विचारायला हवं.

बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतलं ओलं धान्य वर काढणारा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा प्रसंग आपण मुलांना सांगतो. खरवडलेली तारीख आणि वरचं नवं स्टिकर म्हणजे तेच ओलं धान्य. विकणाऱ्याने ऐब लपवू नये हे खरंच. पण घेणाऱ्यानेही ढिगात हात घालून बघावं. आपण बघत नाही म्हणून लपवणाऱ्याचं चालतं, आणि यंत्र लावून खरं सांगणारा तो मुलगा मागे पडतो.

शेवटची गोष्ट जुन्या बॅटरीची. चार वर्षांपूर्वी आम्ही आमची आधीची बॅटरी दारावर आलेल्या भंगारवाल्याला दिली होती. दोन पैसे जास्त मिळाले म्हणून खूश होतो. त्याने ती पुढच्या वळणावर उलटी करून तेजाब नाल्यात ओतलं. वजन कमी व्हावं म्हणून. त्या नाल्याच्या काठाला मुलं क्रिकेट खेळतात. शिशाची धूळ आणि पाणी मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करतं, आणि शिशाचं ‘एवढं चालेल’ असं कुठलंही सुरक्षित प्रमाण जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्यातलं शिसं पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपण जुनी बॅटरी दुकानातच परत करायची, तिची किंमत बिलात वजा करून घ्यायची. या वेळी मी तसंच केलं. तो नाला आठवला की अजून शरम वाटते.

नवी बॅटरी घेतल्यावर मुलाने एक गोष्ट सांगितली. घर ते शाळा दोन किलोमीटर, एवढ्यात बॅटरी भरतच नाही. सुरू करताना जितकी वीज जाते, तितकीही परत येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवायची. आता जुम्मेच्या सुट्टीत नाही, तर रविवारी आम्ही अब्बांना घेऊन भगूरकडे एक चक्कर मारून येतो. त्यांना बाहेरची हवा मिळते, बॅटरी भरते. हे गावाला किंवा जमातीत जाणार असतील तर निघण्याआधी टोकं साफ करून देतात. आणि डिकीत आता वायरी आमच्याही आहेत.

परवा काकांच्याच गाडीने सकाळी टिक्‌टिक्‌ केलं. मी आमची गाडी शेजारी लावली. लाल अधिकला, लाल अधिकला, काळी उणेला, काळी लोखंडाला. काका बाजूला उभे राहून बघत होते. गाडी सुरू झाली तेव्हा म्हणाले, “ताई, आता माझी पाळी. कुठल्या दुकानात गेला होतात, पत्ता द्या.”

मी त्या मुलाच्या दुकानाचा पत्ता दिला. अल्लाह त्याच्या रोजीत बरकत देवो.