कुलूप चव्हाट्यावरच तपासावे

कुलपाची रचना चोराला कळू नये, असे आपल्याला वाटते. संदेश गुप्त राखण्याच्या शास्त्रात न्याय उलटा आहे, आणि मला तोच पटतो. भावी क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या संकेतपद्धती निवडण्यासाठी अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकसंस्थेने २०१६ साली जगभरच्या गणितज्ञांना जाहीर आवाहन केले. 'साइक' ही पद्धत चौथ्या फेरीपर्यंत पोचली. आणि २०२२ मध्ये बेल्जियमच्या कास्ट्रिक व डेक्रू या जोडीने ती साध्या संगणकावर तासाभरात फोडली! नामुष्की? छे, भाग्यच म्हणायचे. निवड बंद दाराआड झाली असती, तर मायदेशी पाठवलेले आपले घरजमिनीचे कागद त्याच कुलपात पडले असते. 'आमची पद्धत गुप्त आहे' अशी फुशारकी मारणाऱ्याकडे मी तरी माझे कागद ठेवणार नाही.