कंपनी विद्यापीठात येते तेव्हा: गाडीचे डिझाइन शिकणार कोण?

विद्यापीठ आणि मोटार कंपनी यांच्यात सामंजस्य करार झाल्याची बातमी येते तेव्हा तिचा फोटो ठरलेला असतो. कुलगुरू, कंपनीचे अधिकारी, हातात उघडी फाइल, मागे बॅनर. बातमीत ‘उद्योगाभिमुख’, ‘कौशल्य’, ‘रोजगाराच्या संधी’ हे शब्द हमखास असतात. नसते ते एवढेच: जागा किती, त्यातल्या राखीव किती, फी किती, शिष्यवृत्ती लागू आहे की नाही आणि अभ्यासक्रम संपल्यावर कंपनी कोणाला आत घेणार. आम्हाला या न छापलेल्या भागाबद्दल बोलायचे आहे. अमरावती-अकोल्यातल्या आपल्या वस्त्यांमधील पोरांचे पुढचे काय, ते तिथेच ठरते.

असे करार महाराष्ट्राला नवीन नाहीत. मर्सिडीज-बेंझने २००२ मध्ये पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनाबरोबर ऑटोमोटिव्ह मेकॅट्रॉनिक्सची प्रगत पदविका सुरू केली. संस्था सरकारी, गाड्या आणि यंत्रे कंपनीची, अभ्यासक्रम दोघांचा. विदर्भात गोंडवाना विद्यापीठाने गडचिरोलीत टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर नवोन्मेष आणि प्रशिक्षण केंद्र उभे केले. टाटा टेक्नॉलॉजीज स्वतः गाडी बनवत नाही. मोटार कंपन्यांसाठी गाडीचे आरेखन आणि अभियांत्रिकी करते, आणि टाटा मोटर्स ही तिची पालक कंपनी. म्हणजे गाडी कागदावर आणि संगणकावर जिथे जन्मते, त्या कामाशी एक सरकारी विद्यापीठ जोडले गेले. बीडसारख्या जिल्ह्यांतही अशी केंद्रे मंजूर झाली आहेत. वऱ्हाडाचा नंबर आज ना उद्या लागेल. नांदगाव पेठच्या पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्कचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले, बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये विमान उडाले. आता कंपन्या येतील आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या दारातही करार घेऊन उभ्या राहतील. त्या दिवशी टाळ्या वाजवायच्या की प्रश्न विचारायचे, याची तयारी आजच हवी.

कंपनी नको, अशी आमची भूमिका नाही. उलट आपल्या समाजाला डिझाइन या क्षेत्राची ओळखच उशिरा झाली, ही खरी अडचण आहे. बारावीनंतर इंजिनीअरिंग, डी.एड., नर्सिंग, स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती एवढीच यादी घरात माहीत असते. गाडीचा आकार, सीटची उंची, डॅशबोर्डवरचे बटन कुठे असावे हे ठरवणारा माणूस वेगळे शिक्षण घेतो, हे कोणी सांगितलेलेच नसते. मुंबईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९ पासून आहे. महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० चे डिझाइन ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले त्या कृपा अनंतन आधी मेकॅनिकल इंजिनीअर आणि मग याच केंद्राच्या विद्यार्थिनी. टाटा मोटर्सचे डिझाइन सांभाळून पुढे महिंद्रात गेलेले प्रताप बोस अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकले. गाडी रस्त्यावर आपल्यालाही दिसते, तिच्यामागची ही वाट मात्र दिसत नाही.

आणि हुन्नर नाही म्हणावे तर तेही खरे नाही. भीमजयंतीचे देखावे कोण उभारते? बांबू, थर्माकोल, लोखंडी सांगाडा आणि चार फोकस यांच्या जोरावर आठ दिवसांत स्तूप उभा करणारी पोरे आपल्याच गल्लीत आहेत. एलिमेंटरी, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची प्रमाणपत्रे कित्येकांच्या घरात पेटीत पडून आहेत. गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगतो. या सगळ्याला विद्यापीठाच्या भाषेत डिझाइन म्हणतात, पण त्या पोराला पदवी देणारा दरवाजा त्याच्या गावात नाही.

आता करारातल्या बारीक अक्षरांकडे येऊ. सरकारी विद्यापीठाच्या नियमित अभ्यासक्रमात आरक्षण लागू असते. पण कंपनीच्या भागीदारीतून सुरू होणारा अभ्यासक्रम अनेकदा विनाअनुदानित असतो किंवा ‘प्रमाणपत्र’, ‘अ‍ॅड-ऑन’, ‘फिनिशिंग स्कूल’ अशा नावाने येतो. तिथे राखीव जागांचे काय, याचे उत्तर करारात सापडले पाहिजे आणि बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही. खाजगी विद्यापीठांचा मामला आणखी वेगळा. पुण्यातल्या एमआयटी इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनसारख्या संस्थेत वाहन डिझाइन शिकता येते, पण तिथली फी पाहून आपल्यातले बहुतेक पालक माहितीपत्रक घडी घालून ठेवतात. खाजगी उच्च शिक्षण संस्थांत आरक्षण ठेवण्याची वाट घटनेच्या कलम १५(५) ने, २००५ च्या ९३ व्या दुरुस्तीने मोकळी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती वैध ठरवली. तरीही केंद्राने त्यासाठी कायदा केला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात आणि ओबीसींना २७ टक्के जागा खाजगी संस्थांत देणारा कायदा करा, अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे आपल्याला सांगायला नको.

प्रवेश मिळाला तरी पुढे पुणे-मुंबईचा खर्च आहे. स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. डिझाइनच्या विद्यार्थ्याला चांगला लॅपटॉप, ड्रॉइंग टॅब्लेट, मॉडेल बनवायची माती, फोम, प्रिंट असा वेगळा खर्च असतो, तो या हिशेबात कुठेच बसत नाही. त्यात पैसा वर्ष संपत आल्यावर खात्यात पडतो, ही तक्रार नेहमीचीच. स्टुडिओत मॉडेल जानेवारीत दाखवायचे असते आणि भत्ता उन्हाळ्यात येतो. अशा वेळी पोरगा हुशार नव्हता म्हणून मागे पडला, असे लिहिले जाते.

सगळ्यात मोठी गोम मात्र शेवटच्या टप्प्यावर आहे. वर्गात आरक्षण असते, कारखान्यात नसते, असे आपण समजून चालतो. नोकरीपुरते ते बरोबर आहे. पण शिकाऊ उमेदवारीच्या बाबतीत कायदा वेगळे सांगतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने कलम ३-अ आले. त्यानुसार प्रत्येक नियोक्त्याने, म्हणजे खाजगी कंपनीनेही, कायद्याखाली ठरवून दिलेल्या व्यवसायांमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायच्या आहेत. त्यांची संख्या राज्यातील या समाजांची लोकसंख्या लक्षात घेऊन ठरते. २०१९ पासून तीस किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. मोटार कारखाना तीसच्या खाली असण्याचा प्रश्नच नाही. अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्यांना केंद्राच्या सवलती १९९० मध्ये अनुसूचित जाती आदेशातल्या दुरुस्तीने मिळाल्या, त्यामुळे ३-अ आपल्यालाही लागू आहे. आपल्या चळवळीत राखीव पदांच्या बिंदुनामावलीवर मोर्चे निघतात, आणि ते योग्यच आहे. ३-अ वर मोर्चा निघाल्याचे मात्र आमच्या ऐकण्यात नाही.

म्हणूनच कंपन्यांना ‘शिकाऊ उमेदवार’ या शब्दापेक्षा ‘इंटर्न’, ‘ट्रेनी’ हे शब्द सोयीचे वाटतात. पुणे-चाकणच्या पट्ट्यात ‘नीम’ योजनेखाली हजारो तरुण प्रशिक्षणार्थी या नावाने लाइनवर उभे राहिले. ते कामगार नव्हते, कायद्यातले शिकाऊ उमेदवारही नव्हते. एआयसीटीईने पुढे ती योजना बंद केली, पण ती पद्धत गेली असे कोण म्हणेल? विद्यापीठाच्या करारात ‘विद्यार्थ्यांना इंटर्नशिप दिली जाईल’ असे वाक्य असेल तर त्यातून राखीव जागेचा हक्क आपोआप येत नाही. ‘शिकाऊ उमेदवार कायद्याखाली उमेदवारी’ असे लिहिले तर येतो. एका शब्दाचा फरक आहे आणि करारावर सही होण्याआधीच तो करून घेता येतो.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात नोकऱ्या आणि प्रतिनिधित्वाबरोबर विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना उमेदवारी मिळावी ही मागणी होती. त्या काळात छापखाना आणि रेल्वे वर्कशॉप म्हणजे आजचा मोटार कारखाना आणि त्याचा डिझाइन स्टुडिओ. बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेले, तरी पोरांना यंत्राजवळ पोहोचवा असे सांगत होते. आपण त्यातला शिष्यवृत्तीचा भाग पाठ केला, वर्कशॉपचा भाग विसरलो.

अजून एक गोष्ट करारातच ठरते: डिझाइन कशाचे करायचे. कंपनी पैसा देते तेव्हा विषयही तीच सुचवते, आणि बाजार मोठ्या, महाग गाड्यांच्या मागे आहे. वऱ्हाडाला काय हवे? २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. पाठीवरचा पंप, तोंडावरचा फडका, गळकी नळी: हे सगळे डिझाइनचेच प्रश्न आहेत. गटारात माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी लहान गावांच्या अरुंद गल्लीत जाईल असे स्वस्त सफाईयंत्र किती नगरपालिकांकडे आहे? अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मोटार कंपनीच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रयोगशाळेचे काही तास या कामासाठी राखून ठेवा, असे म्हणायला विद्यापीठाला कोणी अडवलेले नाही. फक्त म्हणणारे हवेत, आणि अधिसभेत आपले लोक निवडून जातात ते कशासाठी?

कार्यकर्त्यांनी करायचे काम अवघड नाही. सरकारी विद्यापीठाचा करार हे सार्वजनिक दस्तऐवज आहे, माहिती अधिकारात त्याची प्रत मागता येते. अर्जात गोलमोल लिहू नका. अभ्यासक्रमाच्या एकूण जागा आणि प्रवर्गनिहाय जागा, फी आणि भारत सरकार शिष्यवृत्ती लागू असल्याचा आदेश, कंपनीने गेल्या तीन वर्षांत घेतलेल्या शिकाऊ उमेदवारांची प्रवर्गनिहाय संख्या एवढे मागा. शेवटची माहिती विद्यापीठाकडे नसेल, तर शिकाऊ उमेदवारी योजनेचे काम पाहणाऱ्या राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे वेगळा अर्ज करा. ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर आले तरी तो कागद जपून ठेवा. नोंदच ठेवली नाही, हे दाखवायला पुढे तोच उपयोगी पडतो.

पालकांसाठी आणि बारावीच्या मुलांसाठी एक सरळ माहिती. आयआयटीच्या बी.डिझाइनसाठी यूसीड ही परीक्षा मुंबई आयआयटी घेते आणि तिला विज्ञान, वाणिज्य, कला, कोणत्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो. त्यात हाताने चित्र काढण्याचा भाग असतो. आयआयटीत अनुसूचित जातीच्या पदवी विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ आहे. अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे सुटतात, परीक्षा जानेवारीत होते आणि जास्तीत जास्त दोनदाच, तेही लागोपाठच्या वर्षांत देता येते. त्यामुळे बघू पुढच्या साली, असे म्हणून चालत नाही. खाजगी संस्थेत पैसे भरण्याआधी मात्र शिष्यवृत्ती लागू आहे की नाही हे समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारा, संस्थेच्या समुपदेशकाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

विहारांमधून चालणाऱ्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचे कपाट असते. त्यात यूसीडच्या जुन्या प्रश्नपत्रिकांचा एक गठ्ठा ठेवायला खर्च झेरॉक्सपुरताच आहे. त्या परीक्षेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.