मुदत फक्त अर्जदाराला

शिकाऊ लायसन्स सहा महिन्यांनी बाद होतं. ते मिळाल्यावर तीस दिवस उलटल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. उरले पाच महिने. तेवढ्यात ‘सारथी’ पोर्टलवर तारीख मिळवणं ही अर्जदाराची जबाबदारी. मिळालेल्या दिवशी सर्व्हर बंद पडला किंवा निरीक्षक दुसऱ्या कामावर गेले, की पुन्हा नवी तारीख शोधा. सहा महिने भरले की पुन्हा फी, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उशीर कार्यालयाचा, भुर्दंड अर्जदाराला. याला मी लूटच म्हणतो.

माझ्या भाच्याचं लर्निंग असंच बाद झालं. पार्सल पोचवायचं काम लागलं होतं, ते लायसन्सअभावी गेलं. विनालायसन्स गाडी काढावी, तर २०१९च्या दुरुस्तीने ५०० रुपयांचा दंड ५,००० केलेला. आरटीओच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसलेला एजंट मात्र छातीठोकपणे ‘आठवड्यात करून देतो’ म्हणाला. पोर्टलवर न सापडणारी तारीख त्याला कुठून मिळते, याची चौकशी आजवर का झाली नाही? रांग लांबली की त्याचा दर चढतो. उशिरावर पोट भरणारी माणसं फाटकाच्या दोन्ही बाजूंना आहेत, असं मला वाटतं.

२०२१पासून महाराष्ट्रात लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. सरकारने त्याचा गाजावाजा केला. पण गाडी चालवून दाखवायला ट्रॅक लागतो, निरीक्षक लागतो. ते न वाढवता अर्ज सोपा केला, तर खिडकीवरची रांग ट्रॅकवर जाते, एवढंच.

कायदा नाही, असंही नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा आहे. वेळेत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. पण त्यासाठी आधी अर्जदाराने अपील करायचं, तेही त्याच खात्यातल्या वरच्या साहेबाकडे. रोजंदारी बुडवून हे कोण करणार? आणि ज्याच्याकडे उद्या पुन्हा चाचणी द्यायची, त्याच्याविरुद्ध आज तक्रार कोण करणार?

कोविडच्या काळात केंद्राने परिपत्रकं काढून लायसन्सची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली होती. म्हणजे मनात आणलं तर हे जमतं. तारीख मागूनही ज्याला मिळाली नाही, त्याच्या लर्निंगची मुदत आपोआप वाढली पाहिजे. कोणी कधी तारीख मागितली, याची नोंद त्याच पोर्टलवर ठेवा. कार्यालयाची मुदत टळली की अपिलाची वाट न पाहता दंड लागू करा. आणि प्रत्येक आरटीओने दर महिन्याला आपल्याकडे किती अर्ज अडकले आहेत, कोणत्या टेबलावर आणि किती दिवस, हे दर्शनी फलकावर लिहावं. जबाबदार अधिकाऱ्याच्या नावासकट.