गोफण, जनित्र आणि कलाशाखा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, असा एक अलिखित नियम आपल्याकडे आहे. मला तो मान्य नाही. एकसमान वर्तुळाकार गतीचेच उदाहरण घेऊ.

पिकावरची पाखरे उडवणारी गोफण आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. डोक्यावर फिरणारा तिचा दगड एकाच चालीने फिरत असेल, तर त्याच्या गतीत काहीच बदलत नाही, असे आपण सहज म्हणतो. ते खरे नाही. हातापासून दगडापर्यंत मनाने एक बाण काढा. हा दगडाचा स्थान सदिश. दोरी ताणलेली, म्हणून बाणाची लांबी तीच राहते. बदलते ती दिशा. लांबी कायम ठेवून होणारा बदल बाणाला काटकोनातच असतो. म्हणून दगडाचा वेग दोरीला काटकोनात, स्पर्शिकेच्या दिशेने असतो. आता वेगाचा बाण काढा. चाल तीच, म्हणजे त्याचीही लांबी तीच. तेव्हा त्याच्यातला बदल, म्हणजे त्वरण, पुन्हा त्याच अंगाने काटकोनात. दोनदा काटकोनात वळले की तोंड उलटे होते. तसे हे त्वरण स्थान सदिशाच्या नेमके उलट, हाताकडे असते. दोरी एक मीटर आणि सेकंदाला दोन फेरे धरले, तर ते गुरुत्व त्वरणाच्या सुमारे 16 पट भरते. दोरीचे एक टोक सोडताच दगड स्पर्शिकेने निघतो, आणि राखण करणारा नेम धरतो तो हे ओळखूनच.

बोकडविऱ्याचे वायू विद्युत केंद्र 1982 साली सुरू झाले. तेथील जनित्रातही असाच बाण फिरतो. फिरत्या बाणाची एका सरळ रेषेवर पडणारी सावली मागेपुढे हेलकावते; प्रत्यावर्ती विजेचा दाब तसाच वरखाली होतो. आपली वीज 50 हर्ट्झची. त्यासाठी दोन ध्रुवांच्या जनित्राला सेकंदाला 50, म्हणजे मिनिटाला 3000 फेरे घ्यावे लागतात.

मित्रहो, यात मराठी कुठे अडली? गणितही दोन काटकोनांपुरतेच लागले. ज्या गावांच्या उशाशी हे केंद्र उभे आहे, तेथल्या मुलांनी त्याच्याकडे केवळ नोकरीची जागा म्हणून पाहावे, आणि आत काय फिरते हे विचारण्याचा अधिकार फक्त विज्ञानशाखेचा मानावा, हे मला पटत नाही. तर्कशास्त्राच्या एखाद्या तासाला हा बाण फळ्यावर काढला जावा, एवढेच आपल्या प्राध्यापकांकडे माझे मागणे आहे.