साबळेचे मास्तर

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे धावला, की आपल्याकडे एकच प्रश्न : कितवा आला? क्रिकेट संघ हरल्यावर प्रशिक्षकाची सालटी काढणारे आपण, धावपटूलाही मास्तर असतो हे सोयीस्कर विसरतो.

साबळेची शर्यत 3000 मीटरची. वाटेत 28 अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या. लष्करातल्या या जवानाचे वजन बरेच वाढले होते, तरी अम्रीश कुमार यांनी त्याला 2017 मध्ये या शर्यतीत उतरवले. पारख म्हणतात ती हीच! पुढल्याच वर्षी भुवनेश्वरला गोपाळ सैनींचा 37 वर्षांचा विक्रम मोडला. मध्यंतरी बेलारूसच्या निकोलाय स्नेसारेव्ह यांच्याकडे गेलेला साबळे पुन्हा अम्रीश कुमारांकडेच परतला होता. त्याला टोकियोसाठी तयार करायला म्हणून स्नेसारेव्ह मार्च 2021 मध्ये भारतात आले आणि पतियाळाच्या वसतिगृहातच वारले.

नंतरचे मास्तर अमेरिकेचे स्कॉट सिमन्स. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या विरळ हवेत त्यांनी साबळेचा दम वाढवला, याबद्दल वाद नको. टोकियोत 8 मिनिटे 18.12 सेकंद घेणारा हा गडी जुलै 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8 मिनिटे 9.91 सेकंदांवर आला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तर केनियाच्या किबिवोटने त्याला जेमतेम 0.05 सेकंदाने मागे टाकले.

मग उणे कुठे? 2022 चीच गोष्ट. जूनमध्ये रबातला साबळे 8 मिनिटे 12.48 सेकंदांत धावला. महिन्याभराने जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत रेंगाळत गेली. एल बक्कालीने ती 8 मिनिटे 25.13 सेकंदांत जिंकली, म्हणजे साबळेच्या रबातच्या वेळेपेक्षा कितीतरी सावकाश. तरीही आपला गडी अकरावा! सगळे एकत्र चालले आणि शेवटच्या फेरीत एकदम सुटले, की तो मागे पडतो. 2023 मध्ये बुडापेस्टला प्राथमिक फेरीतले पहिले पाचच पुढे जाणार होते, हा सातवा. हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत पहिल्यापासून पुढे पळून सुवर्ण मिळाले खरे, पण तो डाव आशियापुरता. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचणारा तो पहिला भारतीय पुरुष, आणि तिथेही अकरावाच.

शेवटच्या फेरीचा हा वेग सिमन्स यांना पॅरिसपर्यंत तरी देता आला नाही. माझ्या मते त्यांच्या शिकवणीतली ही मोठी उणीव. तरी सगळे खापर त्यांच्या माथी फोडायला मन घेत नाही. असा वेग कोवळ्या वयात अंगात मुरावा लागतो. त्या वयात साबळे सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जात होता. सिमन्स यांच्या हाती तो आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.