दातांचे अंदाजपत्रक

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण दैवाला दोष देण्यासाठी वापरतो. वस्तुतः दोष आपल्या हिशेबाचा आहे. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंदाजपत्रकात दातांची बाब ठणका लागल्याखेरीज येतच नाही. लहानशी कीड वेळीच भरून घेतल्यास थोडक्यात भागते. ती मुळाशी पोचली की रूट कॅनाल, वर टोपी, आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोक मुखरोगांनी ग्रस्त आहेत; यांतील बहुतेक विकार टाळता येण्याजोगे आहेत. तंबाखूयुक्त दंतमंजनावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, तरी घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री अद्याप सुटलेली नाही.

दात शुभ्र व सरळ करून देणाऱ्या दवाखान्यांची हेटाळणी करण्याचे कारण नाही. पुढचा दात तुटल्याने तोंडावर हात धरून बोलणाऱ्या विद्यार्थिनीला कृत्रिम दात हवा असतो, तो नखरा नव्हे. परंतु किडलेल्या दातावर शुभ्रतेचा मुलामा चढविणे म्हणजे पाया खचलेल्या घराला रंग देणे होय.

बाजार मागणीमागे धावतो. गरज मात्र रिकाम्या खिशालाही असते. म्हणूनच शाळाशाळांतून वार्षिक दंततपासणी व्हावी आणि तालुक्याच्या रुग्णालयात दात केवळ उपटले न जाता वाचविलेही जावेत, ही मागणी शिक्षक-पालकांनी लावून धरली पाहिजे. चणे मिळतील तेव्हा दात शिल्लक असावेत, एवढे तरी आपल्या हाती आहे.