निष्णात माणूस कसा घडतो?

शालेय वार्षिकात शिक्षकाने लिहिलेला लेख म्हटला की त्यात अभ्यासाचा उपदेश असावयाचाच, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते, आणि ती सहसा खोटी ठरत नाही. प्रस्तुत लेखात मात्र उपदेशापेक्षा तक्रार अधिक आहे. दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून दोनच प्रश्न ऐकू येतात : टक्के किती पडले, आणि आता क्लास कोणता लावावयाचा? मुलाला डॉक्टर व्हावयाचे असो की इंजिनियर, पुढची दोन वर्षे त्याने चार पर्यायांतून एक अचूक पर्याय कमीत कमी वेळात शोधण्याचा सराव करावयाचा, हे ठरून गेलेले असते. लाखो उमेदवारांतून काही हजारांची निवड करण्यास अशी परीक्षा सोयीची असेल. परंतु निवड करणे निराळे आणि माणूस घडविणे निराळे. एखाद्या कठीण विद्येत वा व्यवसायात निष्णात होणारा मनुष्य कोणत्या रीतीने तयार होतो, हा खरा प्रश्न आहे, आणि नेमका तोच या धांदलीत कोणी विचारीत नाही. आश्चर्य याचे वाटते की, ज्या बडोदे शहरात आपण राहतो तेथे या प्रश्नाची उत्तरे शोधण्याचे प्रयोग सव्वाशे वर्षांपूर्वीच झालेले आहेत.

कलाभवन हे नाव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ही संस्था स्थापन केली आणि तिची सूत्रे प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या हाती दिली. गज्जर मूळचे सुरतेचे, परंपरेने सुतारकाम करणाऱ्या ज्ञातीत जन्मलेले आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक. हत्यार आणि ग्रंथ या दोहोंशी नाते असलेला असा मनुष्य त्या काळी विरळा. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तेथे शिकविले जात. पण विषयांच्या यादीपेक्षा त्यामागची दृष्टी मला अधिक मोलाची वाटते. कारागिराला रसायन समजले पाहिजे आणि रसायनाच्या विद्यार्थ्याने रंगाच्या पिंपात हात घातला पाहिजे, अशी ती दृष्टी होती. आणि हे सारे देशी भाषांतून व्हावे असा गज्जरांचा आग्रह होता. त्यासाठी शास्त्रीय परिभाषा तयार करण्याचा आणि धंदेशिक्षणाची पुस्तके लिहवून घेण्याचा खटाटोप त्यांनी केला.

या दृष्टीचे एक फळ साऱ्या देशाला ठाऊक आहे. त्र्यंबकेश्वरचा एक तरुण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून बडोद्यास आला आणि १८९० मध्ये कलाभवनात दाखल झाला. त्याने चित्रकला शिकावी एवढीच अपेक्षा असती तर त्याला एका वर्गात बसवून वर्षअखेर परीक्षा घेता आली असती. परंतु गज्जरांनी त्याला छायाचित्रणाची प्रयोगशाळा मोकळी करून दिली. ठशांची छपाई व तत्संबंधी प्रक्रिया शिकण्यासाठी त्याला रतलामला पाठविले. हा तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आला. चित्रपटकला शिकविणारी शाळा तोवर हिंदुस्थानात नव्हतीच. फाळक्यांनी १९१२ मध्ये इंग्लंडला जाऊन कॅमेरा आणला. परंतु रसायनांत फिल्म धुणे, प्रकाशाचा अंदाज घेणे, पडदे रंगविणे, मूर्ती घडविणे ही सारी पूर्वतयारी त्यांच्या हातांत आधीच होती. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्याच्या वाढीची थोडी थोडी छायाचित्रे दिवसेंदिवस घेतली आणि ती सलग दाखविली, ही हकीकत अनेकांनी वाचली असेल. ती चमत्कार म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ज्याला प्रयोगशाळेत एकट्याने खटपट करण्याची सवय लागलेली आहे अशा मनुष्याचा तो स्वाध्याय होता.

येथे कोणी म्हणेल की, फाळके असामान्य होते, त्यांच्यावरून सर्वांचा नियम कसा बांधावा? आक्षेप योग्य आहे. म्हणून दुसरे उदाहरण घेऊ, तेही बडोद्याचेच.

संगीताच्या शिक्षणाविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. एक पक्ष म्हणतो, गुरूसमोर वर्षानुवर्षे बसल्यावाचून गाणे येत नाही. दुसरा म्हणतो, ती सारी जुनी गूढता. स्वरलिपी, पाठ्यक्रम आणि वर्ग असले म्हणजे पुरे. उस्ताद मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये महाराजांच्या आश्रयाने येथे गायनशाळा सुरू केली, स्वरलिपीची पद्धत बसविली आणि घराण्यांच्या चार भिंतींत कोंडलेली विद्या सामान्य मुलांसमोर फळ्यावर मांडली. पुढे १९१६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यासच भरली. चिजा लिहून ठेवणे, रागांची व्यवस्था लावणे, पाठ्यपुस्तके रचणे हे भातखंड्यांचे जीवितकार्य होते. म्हणजे दुसऱ्या पक्षाचा याहून मोठा पुरस्कर्ता शोधूनही सापडावयाचा नाही.

आणि याच भातखंड्यांनी आपल्या सर्वांत आवडत्या शिष्याचे काय केले? श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हा मुंबईचा तरुण त्यांच्याकडे शिकत होता. स्वरलिपी, रागशास्त्र, लक्षणगीते यांत तो तयार झालेला. तरीही १९१७ च्या सुमारास बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळून तो दरबारगायक उस्ताद फैयाजखाँ यांच्याकडे तालीम घेण्यास येथे आला आणि सुमारे पाच वर्षे राहिला. पुस्तके लिहिणाऱ्या गुरूचा शिष्य पुस्तकाबाहेरच्या गुरूकडे गेला. कारण उघड आहे. आलापात स्वर कोठे लावावा हे लिहिता येते. तो लावताना श्वास कोठे घ्यावा, किती रेंगाळावे आणि केव्हा सोडावे हे कागदावर उतरत नाही. शिष्य चुकला की त्याच क्षणी उस्ताद स्वतः गाऊन दाखवितो, आणि शिष्याचा कान ती चूक पुन्हा होऊ देत नाही. हेच रातंजनकर १९२८ पासून लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्रमुख झाले आणि त्यांच्या हाताखालून कृष्णराव गिंडे, दिनकर कायकिणी, एस. सी. आर. भट यांच्यासारखे गायक-शिक्षक तयार झाले. वर्ग आणि तालीम या दोहोंचे पाणी ज्याने प्यायले तोच वर्ग चालविण्यास योग्य ठरला, असे मी यावरून समजतो.

केवळ तालमीचा कैवार घेणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. गुरूची मर्जी, घराण्याचा अभिमान आणि ‘खास चीज’ पोटच्या मुलासाठी राखून ठेवण्याची वृत्ती यांनी आपल्या देशातील किती विद्या बुडाल्या याची गणती नाही. मौलाबक्षांचा फळा हा या कृपणतेला दिलेला जबाब होता. तो पुसून टाकून पुन्हा ‘गुरुकृपा’ म्हणत बसणे परवडणार नाही.

शस्त्रक्रियेचे शिक्षणही याच वाटेने सुधारले. अमेरिकेतील जॉन्स हॉप्किन्स रुग्णालय १८८९ मध्ये उघडले. तेथे डॉ. हॉल्स्टेड यांनी शिकाऊ शल्यविशारदाला वर्षानुवर्षे रुग्णालयातच ठेवून, प्रथम पाहणे, मग साहाय्य करणे आणि शेवटी स्वतः जबाबदारी घेणे असा चढता क्रम लावून दिला. जगभर आज तोच क्रम थोड्याफार फरकाने चालतो. आपल्या देशातही २०१९ पासून वैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम ‘अमुक विषय शिकविला’ यापेक्षा ‘विद्यार्थ्याला अमुक कृती करता येते’ या तत्त्वावर नव्याने बांधण्यात आला, आणि प्रत्येक कृतीची नोंद वहीत करून तीवर शिक्षकाची सही घ्यावी असे ठरले. तत्त्व उत्तम आहे. मला भय एवढेच वाटते की, आपल्याकडे सही लवकर मिळते आणि नजर उशिरा. वही भरली म्हणजे हात तयार झाला असे नव्हे. आपल्याच शहरात प्रो. माणिकराव व्यायामाइतकेच निखळलेली हाडे बसविण्याबद्दलही प्रसिद्ध होते. सांधा जागेवर आला की नाही हे सांगणारी त्यांची बोटे कोणत्या वहीने तयार केली असती?

१९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत विद्यालयातील व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तम वादकांचा एकांतातील सराव इतरांहून कितीतरी अधिक भरला. त्यावरून ‘दहा हजार तास’ घोटले की कोणीही प्रवीण होतो असा एक सुटसुटीत मंत्र पुढे बाजारात आला. तो अर्धवट आहे. तीच चूक दहा हजार वेळा गिरवली तर माणूस त्या चुकीतच प्रवीण होतो! सराव हवा तो आपले नेमके वैगुण्य शोधून त्यावर बेतलेला; आणि ते वैगुण्य दाखविणारा डोळा बहुधा दुसऱ्याचा असतो.

आता भाषेविषयी. मराठी माध्यमात शिकल्याने मुलगा मागे पडेल या धास्तीने अनेक पालक व्याकुळ झालेले दिसतात. गज्जरांची धास्ती नेमकी उलट होती : ज्या भाषेत मनुष्य विचार करतो तिच्यात विद्या न उतरली तर ती हातापर्यंत पोहोचणारच नाही. १९०७ मध्ये गज्जर, कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्या उद्योगातून अ‍ॅलेम्बिक हा औषधे व रसायनांचा कारखाना निघाला आणि तो पुढे बडोद्यासच स्थिरावला, हे ध्यानात घेतले तर त्यांचा विचार केवळ भावनेचा नव्हता हे कळते. इंग्रजी उत्तम आलीच पाहिजे. त्याविषयी वाद नाही. परंतु उत्तम इंग्रजी आणि उत्तम समज या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि पहिलीच्या नादात दुसरी गमावलेली मुले मी प्रतिवर्षी पाहतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या शहरात लष्करी वाहतुकीची सी-२९५ विमाने जोडणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. ठरलेल्या ५६ विमानांपैकी ४० येथे तयार व्हावयाची आहेत. विमानाचा एक रिव्हेट वाकडा बसला तर चार पर्यायांतून उत्तर निवडता येत नाही. अशी कामे करणारी माणसे आपल्या शाळेतून जावीत असे वाटत असेल तर तयारी अकरावीत नव्हे, सातवी-आठवीतच सुरू झाली पाहिजे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तर न घेता सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन काम पाहावे व करावे अशी सूचना आहे. दहा दिवस अगदीच थोडे. आणि ते दहा ठिकाणी भटकण्यात घालविले तर सहलच व्हावयाची. माझे मत असे की, आपल्या शाळेने हे दिवस एकाच कारागिराकडे घालविण्याचा नियम करावा आणि सुटीत त्याला आणखी पंधरा जोडावेत. मुलाने तेथे एक तरी वस्तू पुरी करावी, ती त्या कारागिराने नापसंत करावी, आणि मुलाने ती पुन्हा करावी. सोबत एक वही असावी. तिच्या पहिल्या पानावर हत्यारांची नावे तो कारागीर उच्चारतो तशीच उतरून घ्यावीत आणि शेजारी आपला शब्द लिहावा : त्याचा ओळंबो तो आपला ओळंबा, त्याचा रंदो तो आपला रंधा. पटाशी, गिरमिट, गुण्या यांना तो काय म्हणतो ते मुलांनीच विचारून यावे.